गल्ली गप्प राहिली ती दुपार

वनमालाबाईंच्या नातीचं, मंजिरीचं जावळ काढलं ते वर्ष. रायपूर राजधानी होऊन तेव्हा एकवीस वर्षं उलटली होती, बाविसावं चालू होतं. दुर्गहून आलेल्या मामाच्या मांडीवर बसून मंजिरीनं असा गळा काढला, की बुढापाऱ्यातली ती सगळी गल्ली दारात आली. तुळशीराम धुमालवाला तर म्हणाला, "काकी, ये तो हमारी पार्टी में गाएगी!" ढोल, ताशे आणि कॅसिओ एका गाडीवर चढवून वरातीपुढं वाजवतात त्याला इकडं धुमाल म्हणतात. तुळशीरामची धुमाल पार्टी गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि लग्नसराईत तिथं रोज दुपारी सराव चाले.

जावळ हे निमित्त. खरी गोष्ट अशी, की वनमालाबाईंच्या सुनेला, शर्मिष्ठाला, तिच्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं होतं, आता ऑफिसात यायचं कारण नाही, जिथं असाल तिथून काम करा. सुशील, त्यांचा मुलगा, औषधाच्या कंपनीत फिरतीवर होता. त्यानं बदली मागून रायपूर घेतलं होतं, पण महिन्यातला अर्धा वेळ तो जगदलपूर नाहीतर अंबिकापूरला असायचा. तेव्हा रायपुरात बिऱ्हाड कुठं करायचं, हे शर्मिष्ठाच्या कामावरून ठरणार होतं.

वनमालाबाईंनी वरची खोली महिनाभर आधीच चुन्यानं पांढरी करून घेतली होती. खिडकीला नवी जाळी, दाराला नवी कडी, आणि नवऱ्याची, नरहरींची, जुनी लोखंडी पेटी खाली.

"हे काहून?" नरहरींनी विचारलं होतं.

"जावळ आहे नं घरात."

"जावळ काय वरच्या खोलीत काढाचं आहे?"

वनमालाबाई खिडकीची नवी जाळी पुसायला लागल्या. लग्न होऊन आल्यावर त्यांच्या सासूनं त्यांना हिंगणघाटलाच ठेवून घेतलं होतं. "राह्य वं बाई, मी म्हातारी एकली काय करू," असं म्हणत म्हणत वर्षं काढली, आणि इकडं रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात नरहरी हातानं वरण-भात शिजवून खात राहिले. सासूबद्दल वनमालाबाईंच्या मनात राग नव्हता. म्हातारी मायेचीच होती. पण तेव्हाच त्यांनी मनाशी बांधून ठेवलं होतं, की आपल्याला सून आली तर तिला 'राहा' म्हणायचं नाही. राहा म्हटलेला माणूस राहतो, पण त्याचं मन दारात चप्पल घालून उभं असतं. आता तोच आपला नेम त्यांच्या गळ्यात अडकला होता. नात घरात दुडूदुडू धावत होती, आणि ती इथंच धावावी एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं.

आता नरहरींच्या खुर्चीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

नरहरी मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात बसून हिरवा-लाल झेंडा दाखवण्यात गेली. रिटायर झाले तरी हात काही रिटायर झाला नाही. त्यांच्या घराशी गल्ली एकदम वळते, आणि वळण असं आंधळं, की इकडचा स्कूटरवाला तिकडच्याला नाकाला नाक लागल्यावरच दिसतो. नरहरींनी ओट्याच्या कोपऱ्यावर, बरोबर वळणावर, एक वेताची खुर्ची मांडली. सकाळचा चहा झाला की ते तिच्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत. हात वर म्हणजे थांब, हात आडवा हलवला म्हणजे ये. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. पण हळूहळू गल्लीला सवय अशी लागली, की हॉर्न कोणी वाजवेना; वळणाजवळ आलं की सगळे खुर्चीकडं बघत. अडचण एकच. हाताबरोबर नरहरींचं तोंडही चाले.

"थांब रे गाढवा! समोरून गॅसची गाडी येऊन राहिली! दिसत नाही? मग डोळे काय माळ्यावर ठेवले?"

शर्मिष्ठाचं काम बोलण्याचं. कंपनीत नवीन लागलेल्या मुलांना ती कॉम्प्युटरवरून काम शिकवायची. त्या मुलांना पुण्यात, नाशकात, कुठंकुठं बसून तिचा आवाज ऐकू यायचा आणि तिच्या आवाजामागं जे काही असेल तेही. वरच्या खोलीत तिनं टेबल मांडलं त्या पहिल्याच दिवशी तिच्या आवाजामागं होतं ते असं: खाली नरहरींचं "थांब रे गाढवा", त्यावर भाजीवालीचं "ले लाल भाजी, चेंच भाजी, ले ओ दाई", मंदिराच्या भोंग्यावर आरतीची सूचना, आणि मग तुळशीरामच्या शेडमधून सगळे ढोल एकदम. तिकडं शिकणारी मुलं हसायला लागली. एकानं विचारलं, "मॅडम, कुणाचं लग्न आहे?" तिच्या साहेबांनी मात्र विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं.

ती खाली आली तेव्हा हसत होती. पण डोळ्याखाली लाल होतं.

"बाबा, तुम्ही 'गाढवा' म्हणालात तेव्हा मी एका मुलाला उत्तर विचारत होते. त्याला वाटलं मीच म्हटलं."

"मग? आलं का त्याले उत्तर?" नरहरी म्हणाले.

"आलं."

"बघ. म्हणूनच सांगतो, थोडं कडक राह्यलं पाहिजे."

सगळे हसले. रात्री ताटं मांडताना मात्र वनमालाबाईंनी सुशीलचं बोलणं ऐकलं. "देख, यहाँ नहीं जमेगा तेरा," तो शर्मिष्ठाला म्हणत होता. आईशी बोलतानाही त्याच्या तोंडी अर्धी हिंदी असे. "दूसरा घर देखते हैं." त्यांनी वाढायचं तेवढं वाढलं आणि पातेल्यात पाहत राहिल्या.

मग घरं पाहणं सुरू झालं. घर पाहावं बांधून म्हणतात, भाड्याचं घर पाहावं राहून. पण राहायला कोण देतो? दलाल दार उघडतो, पंखा फिरवून दाखवतो आणि घड्याळ बघतो.

शंकरनगरातला फ्लॅट छान होता. बाजार जवळ, दवाखाना जवळ, लिफ्ट. शर्मिष्ठानं बेडरूममध्ये उभं राहून डोळे मिटले आणि कान दिला. तेवढ्यात भिंत थरथरली. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती, तिथं खड्डे करणारं मशीन लागलं होतं.

"ये तो बस दो-चार महीने की बात है दीदी," दलाल ओरडून म्हणाला. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

"आणि त्याच्यापलीकडचा प्लॉट?" शर्मिष्ठानंही ओरडून विचारलं.

"उसका भी नक्शा पास हो गया है!" दलाल आनंदानं म्हणाला.

नंतर एका रविवारी सगळे शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला गेले. सुशीलनं आईलाही गाडीत घेतलं. मोठमोठे रस्ते, मधून लावलेली झाडं, आणि त्या रस्त्यांवरून आपलीच गाडी एकटी चाललेली. वनमालाबाईंना वाटलं, आज बंद-बिंद आहे काय. इमारत स्वच्छ. पाचव्या मजल्यावर घर. खिडकी उघडली तर वारा आत आला आणि वाऱ्याशिवाय काही आलं नाही. शर्मिष्ठा त्या रिकाम्या खोलीत मधोमध उभी राहिली. तिचे खांदे खाली उतरले, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी डोक्यावरचा भारा उचलून घ्यावा तसे. वनमालाबाईंनी ते पाहिलं. पोरीला हे हवं आहे, त्यांच्या मनात आलं, आणि हवं असण्यात तिचं काही चुकत नाही.

मंजिरीनं जिन्यात तोंड घालून "आजी!" म्हणून हाक मारली. इमारतीनं ती हाक वरपर्यंत नेली आणि परत आणून दिली. कोणाचं दार उघडलं नाही. मंजिरीला फार मजा वाटली.

खाली आल्यावर वनमालाबाई हळूच गेटवरच्या चौकीदाराजवळ गेल्या. "भैया, बुढापारा से यहाँ बस आती है क्या?"

"आती है माँजी."

"कब?"

चौकीदारानं रस्त्याकडं पाहिलं, जणू बस त्यालाच विचारून येते. "आती है," तो परत म्हणाला, पण हळू.

गाडीत शर्मिष्ठानं विचारलं, "आई, तुम्हाला कसं वाटलं घर?"

"छान आहे. भांडे घासाले जागा मोठी आहे."

"अजून?"

"हवा छान आहे."

दारं-खिडक्या, नळ, ओटा सगळ्यांची त्यांनी तारीफ केली. घरी येऊन मात्र गुडघ्याला तेल चोळत बसल्या. नरहरींनी पाहिलं. "तू बोलून काहून नाही देत?" ते म्हणाले.

"काय बोलू?"

"राह्य म्हणून."

"नाही म्हणाचं मले. अन् तुमीही म्हणू नका. शप्पथ आहे."

"शप्पथ घालणारे बहुत पाह्यले," नरहरी पुटपुटले. पण शपथ पाळली.

घर ठरल्यासारखंच झालं. पुढच्या रविवारी विसार द्यायचा. पण त्याच्या आत एक गोष्ट आडवी आली. कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी शर्मिष्ठाला निरोप दिला, गुरुवारी दुपारी आम्ही स्वतः बसून तुमचं शिकवणं ऐकू. घरून काम नीट होत असेल तर पुढं चालू ठेवू, नाहीतर पुण्याला परत या. नवं घर अजून हातात आलं नव्हतं. गुरुवार याच खोलीत काढावा लागणार होता. आणि नेमका तो आठवडा दाट लग्नाचा. सुशील अंबिकापूरला.

वनमालाबाईंना रात्रभर तीच बोच. नवा रायपूर परवडलं. बस आली तर आली, नाहीतर सुशील नेईल. पण पुणं? पुण्याहून नात येईल ती दिवाळीला, आणि आजीला पाहून आईच्या मागं लपेल.

गुरुवारी सकाळी त्यांनी नरहरींना चहा दिला आणि खुर्ची उचलून घरात आणली.

"अवं! माझी खुर्ची!"

"आज बाहेर बसाचं नाही. आज तुमी मंजिरीले घेऊन मागच्या खोलीत. तिचा आवाज नाही आला पाह्यजे, अन् तुमचा तं बिलकुलच नाही."

"अन् मोडावर अ‍ॅक्सिडेंट झाला मंग?"

"एक दिवस देव पाहील."

मग डोक्यावर पदर घेऊन त्या गल्लीत निघाल्या. सुनेची नोकरी टांगणीला लागली आहे, ही काही चार दारांत सांगायची गोष्ट नव्हे. घरातलं घरात. तेव्हा कारण सांगायचं नाही, नुसती विनंती करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तुळशीरामच्या शेडमध्ये पोरं ढोलाला पट्टे आवळत होती.

"तुळशीराम," त्यांनी हात जोडले. "आज दुपारी वाजवू नको बापा. आमच्या घरी शांतता पाह्यजे. कारण पुसू नको."

ही बाई कधी हात जोडणारी नव्हती. तुळशीराम उठून उभा राहिला. "काकी, काकाजी ठीक हैं ना? आज मोड पे दिखे नहीं."

"ते आत आहेत. आज नाही येणार बाहेर." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, कारण त्यांना मंजिरी पुण्याच्या गाडीत बसलेली दिसली. त्या लगबगीनं वळल्या.

तुळशीरामनं हातातली टिपरी खाली ठेवली.

समोरच्या इंदूकडं जाऊन त्या म्हणाल्या, "कुकरच्या शिट्ट्या होऊ देऊ नको वं आज." इंदूनं त्यांचा हात धरला. "काही लागलं तं सांगा बरं काकी. संकोच नका करू." वनमालाबाई म्हणाल्या, "आता काय लागन, इंदू. देवाच्या हातात आहे सगळं." मंदिरातल्या पुजाऱ्यानं भोंग्याची वायरच काढून ठेवली. भाजीवालीला त्यांनी ओरडू नको म्हटलं, तिनं "हव दाई", म्हणजे हो आई, म्हणून टोपली उतरवली, घराकडं तोंड करून हात जोडले आणि हाळी न देता पुढं निघून गेली. भली बाई, वनमालाबाईंच्या मनात आलं. वाटाणे घेऊन ओट्यालगतच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर त्या सोलत बसल्या. कोणी वर जायला नको, कोणी हाक मारायला नको.

दुपार झाली. शर्मिष्ठानं वर दार लावलं.

आणि गल्ली अशी गप्प झाली, की वनमालाबाईंनी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं. वळणाशी आलेले स्कूटरवाले गाडी बंद करून हातानं ढकलत नेत होते. कोणाचा रेडिओ नाही, टीव्ही नाही. मागच्या खोलीत आजोबा आणि नात दोघंही झोपले होते, त्यांचाही आवाज नाही. वरून फक्त शर्मिष्ठाचा आवाज येत होता, स्वच्छ, ठाम, शिकवणारा. वनमालाबाईंना मनातून थंड वाटलं.

थोड्या वेळानं बाबाराव आले. नरहरींच्या बरोबरचे, रेल्वेतलेच, पलीकडच्या गल्लीत राहायचे. खांद्यावर गमछा. त्यांनी ओट्याखाली चपला काढल्या, काही न बोलता मान हलवली आणि समोरच्या भिंतीशी उकिडवे बसले. मग तुळशीराम आणि त्याची पोरं. मग मंदिरातले दोघं. भिंतीशी रांग लागली. वनमालाबाई पाहत राहिल्या. किती चांगले लोक, त्यांना वाटलं. सांगितलं ते तर ऐकलंच, वर राखण करायलाही येऊन बसले!

मग बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी झाकलेलं. कोणाचं पिठलं, कोणाचा भात, कोणाच्या फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या. इंदूनं डबा ठेवला आणि वनमालाबाईंच्या गळ्यात पडून मुकाट्यानं रडायला लागली. वनमालाबाईंना वाटलं, हिला कळलं वाटतं आमची पोरं जाणार ते. त्यांनाही आवरेना. दोघी जिन्याच्या पायरीवर आवाज न करता रडल्या.

"जाणाऱ्याले कोण थांबवते, काकी," इंदू कानाशी कुजबुजली.

"होय वं. मी तं राह्य पण नाही म्हटलं."

रडून झाल्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि त्यांची नजर डब्यांवर गेली. पिठलं, भात, पोळ्या. फोडणीचा वास कशालाच नव्हता. असलं जेवण शेजारी कधी घेऊन येतात, ते त्यांना ठाऊक होतं. ज्या घरी चूल पेटवायची नसते त्या घरी. त्यांनी समोर पाहिलं. पुरुषांच्या खांद्यावर गमछे होते, मयतीला निघताना घेतात तसे. त्यांच्या हातातले वाटाणे सांडले.

नेमके तेव्हाच नरहरी उठले. बनियनवर, केस उभे, कडेवर मंजिरी, असे डोळे चोळत दारात आले.

"काहून जमली एवढी पब्लिक? झाला नं अ‍ॅक्सिडेंट मोडावर? तरी म्हटलं होतं हिले, खुर्ची उचलू नको!"

इंदूच्या तोंडातून किंकाळी निघणार, तोच वनमालाबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवून सगळ्या गल्लीला डोळे वटारले.

"श्श! वर शर्मिष्ठाची मीटिंग चालू आहे!"

आता काय सांगावं! मेलेला माणूस बनियनवर समोर उभा, आणि हसायची चोरी. बाबारावांनी गमछ्याचा बोळा तोंडात कोंबला. तुळशीराम भिंतीला कपाळ टेकून गदागदा हलत होता. त्याची पोरं एकमेकांना चिमटे काढत जमिनीवर बसली. बायका पदरात तोंडं खुपसून लालेलाल झाल्या. नरहरींना काही समजेना. ते कुजबुजून विचारायला लागले, "कोण मेलं? अरे, सांगा तं, कोण मेलं?" आणि त्यामुळं अजूनच पंचाईत झाली.

"तू!" बाबाराव गमछा काढून दबक्या आवाजात म्हणाले. "तुह्यासाठी मी दुपारची झोप सोडून आलो, नरहरी, अन् तू उभा?"

"बसू का मंग?"

"काकाजी," तुळशीराम डोळे पुसत कुजबुजला, "एक लड़का बांस लेने गया है. उसको रोको कोई!"

एक पोरगा चपला हातात घेऊन पळाला.

वरचं दार उघडलं. शर्मिष्ठा जिन्याच्या डोक्यावर उभी होती, कानातलं यंत्र गळ्यात लोंबत. "झालं," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, फार छान. विचारत होते, नवीन घरात गेलात का, किती शांत..." आणि मग तिला खाली दिसलं ते सगळं: भिंतीशी रांग, झाकलेली पातेली, जमिनीवर सांडलेले वाटाणे, आणि तोंड दाबून थरथरणारी गल्ली.

"झालं?" नरहरींनी विचारलं. "म्हणजे आता बोलाले परवानगी?"

ती हो म्हणाली, आणि गल्ली फुटली. लोक इतके हसले, की मंजिरी घाबरून रडायला लागली, आणि तिला गप्प करायला तुळशीरामच्या पोरांनी शेडमधून एक ढोल आणला.

पुढं प्रश्न आला जेवणाचा. असलं अन्न परत नेत नाहीत, आणि जिवंत माणसाच्या घरी ते ठेवायचंही नाही. बायकांचा वाद लागला. नरहरींनी तो मिटवला. पाट घेऊन ओट्यावर बसले, म्हणाले, "माझ्या नावचं आहे नं? मंग पहिला घास माझा." पिठल्याचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय रे बाबाराव, माझी एवढीच किंमत? मीठ पण नाही?"

"आयुष्य वाढलं काका तुमचं," इंदू म्हणाली. "खोटी बातमी उठली का वाढते."

सगळ्यांनी तिथंच ओट्यावर, पायऱ्यांवर बसून खाल्लं. वनमालाबाईंनी मीठ आणि लोणच्याची बरणी फिरवली.

भांडी राहिली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. संध्याकाळी वनमालाबाईंनी घासूनपुसून प्रत्येकात मूठभर साखर घातली, आणि त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून शर्मिष्ठा ती द्यायला निघाली. लग्न झाल्यापासून ती या गल्लीत आली-गेली होती, पण कोणाच्या घरात अशी शिरली नव्हती. प्रत्येक घरी बसवून घेतलं, प्रत्येक घरी चहा. शेवटी इंदूकडं. इंदूचं घर लांबडं, समोरून गल्लीत तोंड, मागं आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागं एक खोल्या.

"मागच्या दोन खोल्या लॉकडाऊनपासून रिकाम्या आहेत," इंदू सहज म्हणाली. "भाडेकरी गेला तो आलाच नाही."

शर्मिष्ठा मागं गेली. जाड जुन्या भिंती. खिडकी एका बंद गोदामाच्या भिंतीकडं. तुळशीरामच्या शेडमध्ये सराव सुरू झाला होता, दुपारचा राहिलेला, दुप्पट जोरानं. इथं तो लांबून येणाऱ्या गाडीसारखा ऐकू येत होता. तिनं तिथूनच पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला. "माझ्यामागं काही ऐकू येतंय?"

"नाही. का?"

ती घरी आली तेव्हा वनमालाबाई सांडलेले वाटाणे निवडत होत्या. शर्मिष्ठा त्यांच्याजवळ खाली बसली आणि धूळ लागलेले बाजूला काढू लागली.

"आई, विसार देऊ नको म्हणावं का सुशीलला?"

वनमालाबाईंचा हात थांबला. "घर तं छान होतं ते."

"छानच होतं. तिथं मी दिवसभर बोलेन, आणि सुशील फिरतीवर असताना एखाद्या दिवशी बोलले नाही, तर कुणाला कळणारही नाही." तिनं एक धुळीचा वाटाणा बाजूला टाकला. "इथं बाबांची खुर्ची एक सकाळ आत गेली तर तिरडीचे बांबू आणायला माणूस निघाला."

"इंदूच्या खोलीले भाडं पण कमी लागन," वनमालाबाई घाईनं म्हणाल्या, आणि जीभ चावली.

शर्मिष्ठा हसली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं त्या खोल्या रिकाम्या आहेत."

"होतं."

"आणि बोलला नाहीत? एकदाही म्हटलं नाहीत, राहा म्हणून."

"म्हटलं असतं तं राह्यली असती?"

शर्मिष्ठानं विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नसते राहिले," ती म्हणाली.

"मंग," वनमालाबाई म्हणाल्या, आणि परत वाटाणे निवडायला लागल्या. पण आता चांगले आणि धुळीचे त्या एकातच टाकत होत्या.

पुढल्या महिन्यात बिऱ्हाड इंदूकडं मागं लागलं. चूल वेगळी, दार वेगळं, मधे फक्त गल्ली. तुळशीरामनं विचारलं, "दीदी, टाइम बता दिया करो, उस दिन तालाब के उस पार बजा लेंगे," पण तशी वेळ क्वचित आली. मंजिरी दिवसातून कितीदा तरी वळण ओलांडून आजीकडं यायची. ओलांडताना थांबायची, खुर्चीकडं बघायची, आणि आजोबांनी हात आडवा हलवला की धावायची. नरहरी तिच्यासाठी दोन्ही बाजूंच्या स्कूटरी उभ्या करून ठेवत. कोणी कुरकुर केली तर म्हणत, "थांब रे. मेल गाडी जाऊन राहिली."

वाढलेलं आयुष्य त्यांनी त्या खुर्चीतच काढलं. ज्या दिवशी खरंच झालं, त्या दिवशी वनमालाबाईंना कोणाच्या दारात जाऊन हात जोडावे लागले नाहीत. शर्मिष्ठा मागच्या खोलीत शिकवत होती. शिकवता शिकवता तिला जाणवलं, की त्या दिवशी सकाळीच सुरू झालेला शेडचा लांबचा आवाज मधेच बंद पडला आहे. तिनं कानातलं यंत्र काढलं आणि ती धावत गल्लीत आली. स्कूटरवाले गाड्या हातानं ढकलत नेत होते. इंदू झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभी होती.

नरहरी गेले ते १७ जानेवारी २०२४ ला, बुधवारी, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळचा चहा पिऊन खुर्चीत बसल्यावर.